खटका फिरवल्यावर

म्यूरिगचं दुकान रिकामं करायला मला तीन शनिवार लागले.
बेथेस्डा हे पाटीच्या दगडाचं गाव.
छपरं पाटीची, कुंपणं पाटीची,
मेलेल्यांची नावंही पाटीवर,
पण ती पुसायची नसतात.

पहिल्या ड्रॉवरमध्ये रबराचे गट्टू निघाले.
पुढच्या फोर्कमध्ये बसायचे ते.
स्प्रिंग नाही, तेल नाही, नुसतं निळं-पिवळं रबर.
जानेवारीत त्यांचा दगड व्हायचा.
आम्ही हीटरवर शेकून, गरम गरम भरून
डोंगर उतरायला लागायचो,
आणि अर्ध्या वाटेवर मनगटांना कळायचं
की रबर निवलं.
आता त्यांचा गूळ झालाय.
बोटाला लागला तो
रात्री साबणानेही निघेना.

मग जांभळं.
एक वर्ष असं होतं की सगळंच जांभळं होतं:
ब्रेकचे दांडे, चाकांचे तुंबे, साधे बोल्टसुद्धा.
खाणीवरच्या इदवालने आठवड्याचा पगार मोजून
चार बोल्ट नेले.
बायकोने विचारलं, कितीला पडले?
तो म्हणाला, अकरा ग्रॅमला.

ती अंडाकृती दातेरी चकती.
गुडघ्यांना आराम मिळेल, असं खोक्यावर छापलेलं.
गुडघ्यांनी ते कधी वाचलं नाही.

आणि सीटखालची तारेची स्प्रिंग.
उतार आला की पकड सैल करायची,
बसून सीट खाली दाबायची.
सपाटीला आलं की उठायचं,
सीट आपोआप वर,
बहुतेक वेळा तिरकी,
नाक डाव्या मांडीकडे वळवून रुसल्यासारखी.
आज तेच काम हँडलवरचं एक बटण करतं.
त्या बटणाच्या पैशात
माझी पहिली सायकल आली असती, दिव्यासकट.

जुनं ते सोनं म्हणतात.
बँगोरच्या भंगारवाल्याने वजन केलं.
ॲल्युमिनियम निघालं.

एक वस्तू मी मोडीत दिली नाही.
उजव्या अंगठ्याचा गिअर, सात दात्यांचा,
हँडलच्या वर बसणारा, काळा, कडेने घासून पांढरा झालेला.
कोटाच्या खिशात घालून समुद्राकडच्या त्या इमारतीत गेले,
जिथे म्यूरिग आता खिडकीशी बसतो
आणि सगळ्यांना अदबीने विचारतो,
आपण कोण?

त्याच्या वॉकरची दांडी मापून पाहिली.
बावीस मिलिमीटर. आपलंच माप.
पान्याने आवळला.
त्याने काही विचारलं नाही. अंगठा ठेवला.
टक्. टक्. टक्.
सातही मोजले,
परत येताना चौथ्यावर थांबला,
जिथे चढाला आम्ही नेहमी थांबायचो.

मग त्याने मधला खटका फिरवला.

मी चौदाची असताना त्यानेच शिकवलं होतं:
केबल ढिली झाली की टकटक खोटं बोलायला लागते.
तेव्हा हा खटका फिरव, म्हणजे आवाज बंद.
मग अंगठ्याने हळूच ढकलत जा.
चेन कुरकुरली तर थोडी पुढे,
जास्त गेलीस तर केसभर मागे.
घाई नाही करायची.
गिअर असतो तिथेच.

आवाज न होता दांडा सरकत राहिला.
म्यूरिगने माझ्याकडे पाहिलं.
मा… म्हणाला.
मार्गेड, म्हणाला. ती त्याची बहीण होती.
थोडं मागे.
मेनाय.
ती तर खाडी, खिडकीतून दिसते ती.
माझं नाव ह्या दोन्हींच्या मधे कुठेतरी आहे.
मी सांगितलं नाही.
कान देऊन बसले,
चेन बसतेय का ऐकायला बसावं तशी.

तेवढ्यात कुणीतरी चहाची गाडी ढकलत आणली.
तिचं मागचं एक चाक
ग्रीसवाचून रडत होतं.
आम्ही दोघांनी
एकाच वेळी माना वळवल्या.